ठोकळेमामांचा अर्धा मिलिमीटर

ट्रॅकवर सगळे त्यांना ठोकळेमामा म्हणायचे. शर्यत संपली की चाळीस मिलिमीटर उंचीचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घेऊन ते तपासणीच्या शेडमध्ये उभे. गाडीच्या पोटाखालून ठोकळा सहज सरकला तर गाडी पास, अडकला तर बाद. गाडी जितकी जमिनीलगत तितकी वळणावर घट्ट, म्हणून प्रत्येक टीमला तिथं केसभर चोरायचं असतं. पण मामांपुढे कुणाची डाळ शिजत नसे.

मी सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. पहिल्याच वर्षी माझ्या हातून ठोकळा फरशीवर आपटला, वरच्या अंगाला खरखर आली, आणि मी शहाणा कानस घेऊन बसलो! घासता घासता अर्धा मिलिमीटर उडवला. मामांनी नवा ठोकळा मागितला. वरचे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

"रडतोस काय गाढवा," मामा मला म्हणाले होते. "ठोकळा बुटका झाला तर फायदा गाडीचाच. याच्यावरही जी अडकेल ती पक्की चोर."

पुढे मी मोठ्या टीममध्ये हेड मेकॅनिक झालो. आमचे साहेब स्वतः नियम समितीवर बसतात. कुंपणच शेत खातं म्हणतात ना, तसलं कुंपण. आणि मी त्या कुंपणाचा खांब.

गेल्या हंगामाची शेवटची शर्यत आम्ही जिंकली. मामांनी ठोकळा सरकवला, अडकला. गाडी मागंपुढं करून पुन्हा सरकवला, पुन्हा अडकला. गाडी बाद, विजेतेपद गेलं. साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं आणि दार लावलं.

"तू त्यांच्याकडे होतास ना? काहीतरी सापडेलच."

आणि मी सांगितलं. कुणी माझा गळा धरला नव्हता हो! खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात, तो मीच.

सुनावणीत ठोकळा मोजला. साडेएकोणचाळीस. साहेब म्हणाले, "नियमात चाळीस लिहिलंय. मापच चुकीचं, तर तपासणी रद्द." चोर तो चोर, वर शिरजोर.

"हा घासला कुणी?" अध्यक्षांनी विचारलं.

मामा शांतपणे म्हणाले, "माझ्या हातून झालं. पण अध्यक्षसाहेब, बुटक्या ठोकळ्यावर अडकलेली गाडी पुऱ्या ठोकळ्यावर कशी सुटेल?"

"ज्यांची चूक, त्यांनीच निवाडा करायचा का?" आमचे साहेब हसले. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्ही दोन्हीकडे काम केलंय. यांचं म्हणणं बरोबर आहे का?"

मामा माझ्याकडे बघत होते. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. शाळेतलं पोरही म्हणालं असतं.

"नियमात चाळीस आहे," मी म्हणालो. "त्यापलीकडे मी काय सांगणार?"

विजेतेपद आम्हाला परत मिळालं. मामांना घरी बसवलं. पार्टीत साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि लाज वाटते सांगायला, ती मला बरी वाटली. घरी गेल्यावर बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "मामा काय म्हणाले?" मी सरळ अंघोळीला गेलो.

यंदा हीच युक्ती दुसऱ्या टीमनं आमच्याविरुद्ध वापरली. ठोकळ्यात एक दशांश मिलिमीटरची झीज शोधून काढून त्यांनी बाद झालेली गाडी सोडवून नेली. मग काय! साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला आणि एका बैठकीत नवा नियम आला: ठोकळा कमी भरला तर त्याचा फायदा गाडीला मिळतोच; तरीही गाडी अडकली तर ती बादच.

परवा मामांचा फोन आला. वर्षभरात मी एकदाही केला नव्हता.

"वाचलास का रे नवा नियम? छापून आलं बघ आपलं म्हणणं!" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "त्या दिवशी अगदी तुझ्या ओठांवर होतं, मला दिसत होतं. पण साहेब समोर बसलेले, पोर बोलणार कसं? मी तुझ्या मामीलाही तेच सांगितलं. होतं ना ओठांवर?"

माझ्या ओठांवर काही नव्हतं. केबिनमधून निघतानाच मी ते गिळून टाकलं होतं.

"हो मामा," मी म्हणालो.