पाचव्या बेटावरचा बिनागोल

सोमवारी पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी कॉन्सॉर्सिया लुमापास खवणीवर बसून नववा नारळ खवत होती. आणखी नऊ बाकी होते. शेजारी टोपल्यात आळूच्या कंदाचा कीस होता. हा आळू दलदलीत वाढतो आणि पान माणसाच्या कमरेएवढं करतो. कीस करताना कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं नाही, तर दिवसभर हात खाजवण्यापलीकडे दुसरं काम होत नाही. हे ती लग्न होऊन बुगांते बेटावर आली त्या आठवड्यात शिकली. त्याला एकतीस वर्षं झाली. सासूने सांगितलं नव्हतं. सासूचा सुना शिकवण्याचा तोच मार्ग होता.

कीस, नारळाचं दाट दूध, आटवलेलं दूध, अंड्याचा पिवळा बलक आणि साखर हे सगळं कालवून घासून साफ केलेल्या करवंटीत भरायचं, वर केळीचं पान घालून सुतळीने आवळायचं आणि दोन तास वाफवायचं. याला बिनागोल म्हणतात. करवंटीत का, तर सासूच्या घरी सहा माणसांत तीन ताटल्या होत्या. पावसाळ्यात मासे मिळत नसत तेव्हा ती बाई कोंड्याचा मांडा करायची, तो हा.

गेली बावीस वर्षं सोर्सिया (बेटावर तिला याच नावाने हाक मारतात) हे बिनागोल किनाऱ्यावरच्या जंगली बदामाखाली विकत होती. आज ती जागा राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

प्रांताच्या पर्यटन कार्यालयाने नवी मोहीम काढली होती: ‘आधी आपला प्रांत पाहा, आपला गोडवा चाखा.’ एका दिवसात पाच बेटं, प्रत्येक बेटावर एक किनारा आणि एक गोड पदार्थ. पदार्थाची तपासणी होऊन शंभरपैकी पंच्याहत्तर गुण पडले, तर विकणारीला बिल्ला. बिल्ला नसेल तिने एक तारखेपासून वाळूवर पाऊल ठेवायचं नाही, शाळेमागे बसायचं. शाळेमागे कोंबड्या येतात, पर्यटक येत नाहीत.

पदार्थाला गोष्ट हवी, असाही नियम होता. मनिलाहून एक सल्लागार आला, किनाऱ्यावर चाळीस मिनिटं फिरला आणि महिन्याने प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद पाठवता झाला. बुगांते नावाची एक राजकन्या होती, तिचा प्रियकर समुद्रात बुडाला, तिचे अश्रू करवंटीत पडले आणि त्यांचा बिनागोल झाला. सोर्सियाने तो कागद दोनदा वाचला आणि साखरेच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवला.

तपासणीचं पथक सात जणांचं होतं आणि त्यांना फिरवायला होडी टिक्योची घेतली होती. टिक्यो म्हणजे सोर्सियाचा नवरा. पथकाचे प्रमुख सर ग्लेनमार याच प्रांतात, समोरच्या किनाऱ्यावर जन्मलेले. त्यांनी बाली पाहिलं होतं, फुकेत पाहिलं होतं. घराच्या छपरावरून दिसणारी ही पाच बेटं आज प्रथमच पाहत होते. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. सोर्सियाही उरलेल्या चार बेटांवर कधी गेली नव्हती. पण ‘आधी आपला प्रांत पाहा’ असा फलक तिने लावला नव्हता.

पथक साडेअकराला येणार होतं. होडी आली बारा चाळीसला. टिक्योने नांगर टाकला, कमरेएवढ्या पाण्यातून तो आधी एकटाच पुढे आला आणि बदामाखाली येऊन खालच्या आवाजात म्हणाला, “तुझं काही खरं नाही बघ.”

मग त्याने यादी सांगितली. पहिल्या बेटावर आठ वाजता न्याहारी, शिवाय तांदळाचे लाडू. दुसऱ्यावर गुळात तळलेली केळी. तिसऱ्यावर रताळ्याची खीर, आणि सरपंचबाईंचा वाढदिवस निघाला म्हणून शेवया. चौथ्यावर आख्खं भाजलेलं डुक्कर. त्यावर फणसाचा हलवा. ‘नाही’ असं कुणी कुठेच म्हटलं नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला ‘या, जेवायला बसा’ म्हणतात आणि आलेला बसतो. न बसण्याची पद्धत अजून निघालेली नाही. त्यामुळे गुण चवीप्रमाणे नव्हे, भुकेप्रमाणे उतरत गेले होते: अठ्ठ्याण्णव, चौऱ्याण्णव, सत्त्याऐंशी, एकोणऐंशी.

सात जण पाण्यातून हातात बूट घेऊन आले. दोघांनी पट्ट्याचं भोक बदललं होतं. सर ग्लेनमार बाकावर बसले ते मागे हात टेकूनच.

“नांग,” ते म्हणाले. वयाने मोठ्या बाईला इथे असंच म्हणतात, आणि काही नाकारायचं असलं की जास्तच मायेने म्हणतात. “तुमचा बिनागोल म्हणजे काय, प्रश्नच नाही. पण तीळ ठेवायला जागा उरलेली नाही. बांधून द्या. घरी नेऊन खाऊ सगळे.”

बाकीच्यांना हे फारच पटलं. घरी काहीतरी न्यायलाच हवं होतं; प्रवासातून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाला आमच्याकडे बायको दार उघडते, पण तोंड उघडत नाही. प्रत्येकाने चार-चार सांगितले.

सोर्सियाने विचारलं, मग गुणांचं कसं.

गुणांचा तक्ता पथकातल्या मॅम जोएलिनकडे होता. सदतीस प्रश्न होते. तिने बाविसाव्यावर बोट ठेवलं आणि तिलाच वाईट वाटल्यासारखं वाचलं: जागेवर पूर्ण भाग खाल्ला पाहिजे. खाल्ला नाही, तर ‘तपासणी झाली नाही’ असं लिहावं लागेल. पुढची फेरी तीन महिन्यांनी.

“आणि बिल्ला?”

“तोही तीन महिन्यांनी. म्हणजे, पास झालात तर.”

“तोवर मी शाळेमागे?”

“तात्पुरतं, नांग,” सर ग्लेनमार म्हणाले. “तिथे सावलीही चांगली आहे म्हणतात.”

सोर्सियाने सावलीबद्दल वाद घातला नाही. तिने पाण्याकडे पाहिलं. बदामाच्या मुळाशी सकाळी ओली असलेली वाळू पांढरी पडली होती. मग ती टिक्योकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जाताना पाहुण्यांनी पुन्हा कमरेपर्यंत भिजायचं का? होडी आत घे. अगदी वाळूला लाव.”

टिक्योने पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बेचाळीस वर्षं होडी चालवणाऱ्या माणसाला जे विचारावंसं वाटेल, ते त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. तो गेला आणि होडी वाळूला लावून आला. सर ग्लेनमार म्हणाले की पर्यटकांची अशी काळजी घेणारी माणसं हवीत, आणि मॅम जोएलिनला प्रश्न एकतीसमध्ये तशी नोंद घ्यायला सांगितलं.

मग फोटो झाले. ओहोटीने उघडा पडलेला वाळूचा पट्टा फार सुंदर दिसतो. तो जसजसा लांब होत गेला तसतसे हे लोक आनंदाने लांब चालत गेले. पट्टा लांब का होतोय, हे कुणी विचारलं नाही. एक वाजून वीस मिनिटांनी परत आले, तेव्हा होडी एका कुशीवर कलून कोरड्या वाळूत बसली होती आणि तिच्याखालून एक खेकडा चालला होता.

सातही जणांनी ढकलून पाहिलं. नांगराला जुंपलेली जनावरंसुद्धा दुपारच्या जेवणानंतर हलत नाहीत. होडीही हलली नाही.

“पाणी कधी येतं?” सर ग्लेनमारांनी विचारलं.

“येतं,” टिक्यो म्हणाला.

“म्हणजे किती वाजता?”

“आधी अजून जायचंय त्याला. तीनला पुरतं जाईल, मग वळेल. पाचच्या आत सुटू.”

त्यांनी कार्यालयाला फोन केला. कार्यालयाने भरती-ओहोटीचं वेळापत्रक कोणत्या विभागाकडे असतं याची चौकशी करून कळवतो म्हणून सांगितलं. दोघे जण बदामाखाली आडवे झाले. सोर्सियाने पातेल्याखाली दोन लाकडं सारली आणि झाकण थोडं बाजूला केलं. वारा समुद्रावरून झाडाकडे होता, आणि पातेलं समुद्राच्या बाजूला होतं.

तीन वाजले. या मुलखात तीनला भूक लागत नाही, मधल्या खाण्याची वेळ होते. ती डुक्कर खाल्लेल्याचीही होते आणि उपाशी असलेल्याचीही. कचेऱ्या, शाळा, पोलीस ठाणी ती पाच मिनिटंही पुढे ढकलत नाहीत. तीन वाजून सहा मिनिटांनी मॅम जोएलिन उठून पातेल्याजवळ आली.

“नांग, एकच. फक्त चवीपुरता.”

“चवीपुरता मिळत नाही. करवंटी असते ती.”

तिने सुतळी सोडली, पान उलगडलं आणि चमचा घातला. त्यानंतर तिने मान वर केली नाही, म्हणून दुसरा आला. चार वाजेपर्यंत सात माणसांनी सोळा करवंट्या रिकाम्या केल्या. सर ग्लेनमारांनी तिसरी बोटाने पुसून घेतली. त्यांची आजी हेच करायची असं त्यांना आठवलं, आणि आजीची आठवण काढत त्यांनी तक्त्यात सूचना लिहिली: आकार निम्मा करावा, करवंटीऐवजी काचेचा पेला वापरावा.

“आणि गोष्ट?” मॅम जोएलिनने विचारलं. “राजकन्येची सांगा, की तेविसाव्यावर टिक करते.”

“किती राजकन्या झाल्या सकाळपासून?”

मॅम जोएलिनने मनात मोजलं. “चार.”

“सगळ्या रडूनच मेल्या?”

“एक उडी मारून.”

“मग माझी राहू दे,” सोर्सिया म्हणाली. “माझ्या सासूकडे ताटल्या कमी होत्या. एवढीच गोष्ट आहे.”

पथक चार वाजून पन्नास मिनिटांनी, पाण्यातून, घोट्यापर्यंत भिजत निघालं. गुण पडले एक्क्याण्णव. चार गोष्टीला गेले. उरलेले पाच गेले ‘होडी लावण्यातील गैरसोय’ या सदरात, जे विकणारीच्या नावावर धरलं जातं. एकतिसाव्या प्रश्नातली स्तुती दोन ओळी वर तशीच होती. बिल्ला मात्र जागेवरच मिळाला, हिरव्या फितीचा, मागे शिक्का मारलेला: बुगांते, पाचवा थांबा, बिनागोल, रोज उपलब्ध.

पथकाला समोर सोडून टिक्यो दिवेलागणीला परतला. मोकळ्या करवंट्यांचा ढीग बघून त्याने विचारलं, पुढच्या महिन्यापासून पर्यटकही चार बेटांवर जेवूनच येणार. मग रोज होडी अडकवायची का.

“रोज ओहोटी दुपारी नसते,” ती म्हणाली. “असेल त्या दिवशी बघू.”

तिने बिल्ला बदामाच्या खिळ्याला अडकवला. उद्या मंगळवार. मंगळवारी समोरच्या किनाऱ्यावर बाजार भरतो; सोर्सिया साडेपाचच्या होडीने कंद आणायला जाते, आणि त्या दिवशी बुगांतेवर बिनागोल मिळत नाही.