बाईने आणलेले निरोप

शेजारच्या अंगणात संध्याकाळपासून दूध आटतं आहे. आज कोजागिरी. वेलदोड्याचा वास भिंतीवरून आमच्या ओसरीत येतो आणि आतल्या खोलीतून टीव्हीचा आवाज. सून मालिका बघत बसली आहे. मालिकेत एक थोरली बहीण आहे. आई नाही, बाप आजारी, पाठची भावंडं लहान. ती रांधते, शिवणकाम करते, स्वतःचं ठरलेलं लग्न मोडते आणि दर थोड्या वेळाने खिडकीशी जाऊन रडते. ती रडायला लागली की मागे बासरी वाजते. सुनेने पदराने डोळे पुसले. म्हणाली, "आई, किती सोसते जी बिचारी!" मी म्हटलं, "ते बासरी बंद कर, मंग पाहू किती सोसते."

मी चौथीपर्यंत शिकले. गोष्टी कशा रचतात ते मला कळत नाही. पण थोरली मुलगी काय असते ते ठाऊक आहे, कारण मी एका थोरलीच्या हाताखाली वाढले. मी जितक्या गोष्टी ऐकल्या आणि पाहिल्या, त्यांत थोरलीच्या भाकरी दिसतात, धुणं दिसतं, डोळ्यांतलं पाणी तर दिसतंच दिसतं. तिचं जे खरं काम, ते मात्र कुणी दाखवलं नाही. ते दाखवण्यासारखं नसतंच. आमच्या थोरल्या बहिणीला, बाईला, मी रडताना पाहिलं नाही. तिला दुसरं काम होतं.

बोरी अरबच्या पलीकडे आमचं गाव. बाई सगळ्यांत मोठी, मग भाऊ, मग मी. माझ्या पाठचं एक लेकरू जन्मून गेलं आणि त्यानंतर माय भिंतीकडे तोंड करून निजायला लागली. उठायची, दोन घास खायची, पुन्हा निजायची. त्या काळी याला आजार म्हणत नसत. लोक म्हणत, आळशी झाली. बाबा मुळातच कमी बोलणारे. ते आणखी कमी बोलायला लागले. घरात माणसं होती आणि आवाज नव्हता. विहीर आटली की लोक गाळ काढायला तरी उतरतात. घर असं आटलं तर कोण उतरतो?

दुपारी बाई वावरात बाबांची शिदोरी घेऊन जायची. मी तिच्या मागे. बाबा बांधावर बसून जेवायचे, "पाणी दे" म्हणायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. एवढंच. आम्ही घरी यायचो आणि बाई भांडी ठेवता ठेवता भिंतीकडे बघून सांगायची, "माय, बाबा पुसत होते वं, मायनं काही खाल्लं का म्हनून. म्हने, वांग्याची भाजी तुह्या मायच्या हातची काही औरच." मी तोंड उघडून बघत राहायचे. संध्याकाळी बाबा आले की त्यांच्या पानात लसणाचा ठेचा पडायचा आणि बाई म्हणायची, "मायनं आठवनीनं सांगतलं, तुमच्यासाठी काढून ठेव म्हने." मायने काहीच सांगितलेलं नसायचं. भाऊ शाळेतून फाटका सदरा घेऊन आला, तर तो शिवून देताना बाई म्हणायची, "माय म्हने, माह्या लेकाले फाटक्यात पाठवू नको." एकदा मी वाटेत तिला अडवलं.

"बाबा कवा म्हनले असं? मी त तिथंच होती."

"तुह्या कानात मळ हाय. चाल लवकर."

तिला लबाड म्हणावं तर त्या लबाडीतून तिला मिळत काहीच नव्हतं. ते निरोप मात्र लागू पडत. मायने एके दिवशी कूस बदलली आणि विचारलं, "खरंच म्हनले?" दुसऱ्या एका दिवशी ती उठून चुलीपाशी बसली आणि तिने वांगी चिरली. बाबा त्या दिवशी जेवून उठताना म्हणाले, "बरी झाली भाजी." या वेळी ते खरंच म्हणाले. बाईच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही. ती ताट उचलून मोरीकडे गेली.

आमच्याकडे कोजागिरीला थोरल्या लेकराला ओवाळतात. आश्विनी करणं म्हणतात त्याला. थोरलं लेकरू म्हणजे थोरला मुलगा, असं आमच्या घरी न बोलता धरलेलं होतं. दरवर्षी भाऊ पाटावर बसायचा आणि ताट बाई तयार करायची. त्या वर्षी बाईचं लग्न ठरलं होतं, फाल्गुनात होणार होतं. म्हणजे या घरातली तिची ती शेवटची कोजागिरी. तिने सकाळीच केस धुतले, धुवट लुगडं नेसली, आणि तिन्हीसांजेला अंगणात एका शेजारी एक असे दोन पाट मांडले. माय स्वतःहून उठून बाहेर आली. तिने भावाला कुंकू लावलं, ओवाळलं, नवी टोपी घातली. मग ताट खाली ठेवलं. दुसरा पाट रिकामाच. बाई पाटाजवळ उभी, हातात काडीपेटी. ओसरीवरून आत्या हसत म्हणाली, "हा दुसरा पाट कोनासाठी वं? नवरदेव आताच येऊन राह्यला का?"

सगळे हसले. भाऊ सगळ्यांत जोरात. बाईही हसली. म्हणाली, "नाही वं आत्या, दुधाचा गंज ठेवाले." आणि तिने खरंच चुलीवरचं दुधाचं पातेलं उतरवून त्या पाटावर ठेवलं. माय आत जाऊन निजली.

सकाळी आम्ही विहिरीवर तोच गंज घासत होतो. बाई राखेने तळ खरवडत होती. वर न बघता म्हणाली, "माय मले म्हनत होती... खरी थोरली त तूच म्हने. राहूनच गेलं म्हने ओवाळाचं. आता... दिवाळसनाले येशील तवा ओवाळतो म्हने."

मी रात्रभर मायच्या आणि बाईच्या मध्ये निजले होते. माय एक शब्द बोलली नव्हती. दुसऱ्यांसाठी निरोप रचताना बाईची जीभ कधी अडली नाही. हा एकच तिला धड सांगता येईना.

मी म्हटलं, "हो वं बाई. मीबी आयकलं."

तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा घासायला लागली.

दिवाळसण आला, गेला. मायने ओवाळलं नाही. सासरीही बाई थोरलीच सून निघाली. माय गेली, बाबा गेले, परवाच्या उन्हाळ्यात बाईही गेली. भाऊ आता नातवंडांना जवळ घेऊन सांगतो, आमची माय फार मायाळू होती, माझा सदरा फाटलेला तिला सहन होत नसे. मी एकदा त्याला म्हटलं, ते सगळं बाईचं होतं. तो चिडला. "तू लहान होती, तुले काय समजते?" त्याला आई मिळाली, ती काढून घेऊन मी काय करू?

पण हे ठाऊक असणारी आता मी एकटीच उरले आहे. माझ्यामागे माय मायाळू होती, बाबा मनाने मऊ होते, एवढंच राहील. आणि बाईचं कुणी विचारलं, तर आजही गावात सगळे एकच सांगतात, कामाला मोठी चपळ होती.