बाईंचा पिवळा डबा

आमच्या फाट्यावर सकाळची एसटी थांबते तेव्हा कंडक्टर कधी खाली उतरत नाही. घंटी मारायची आणि आम्हाला धुळीत सोडून निघून जायचं, एवढाच त्याचा आमच्या गावाशी संबंध. त्या दिवशी गाडी तासभर उशिरा आली आणि तो उतरला. हातात आमच्या शाळेच्या डोंगरेबाईंचा पिवळा डबा. तेलाचा, पाच लिटरचा, पाण्यानं काठोकाठ भरलेला. मी दूध संस्थेच्या ओट्यावरून बघत होतो. बाईंनी आज कंडक्टरलाही कामाला लावलं, म्हणून मनातल्या मनात हसलो आणि गाडीच्या दारात बाई दिसायची वाट बघू लागलो. दार रिकामंच. कंडक्टरनं डबा माझ्या पायाशी ठेवला. हळूच म्हणाला, "चेरमन, बाई गेल्या. गेवराईच्या स्टँडवरच." डबा सीटवर ठेवून खाली उतरल्या होत्या, रुमाल पडला म्हणून वाकल्या, त्या उठल्याच नाहीत... स्टँडासमोरच्या डॉक्टरनं नाडी बघितली आणि नुसता हात हलवला. आदल्या दिवशी याच बाई माझ्याशी अर्धा तास उभ्यानं भांडल्या होत्या. तेवढा दम माझ्यात नव्हता, त्यांच्यात होता. अशी बाई रुमाल उचलता उचलता जाते? अजून हे वाक्य माझ्या डोक्यात बसत नाही.

ओट्यावर किटल्या घेऊन निम्मं गाव उभं होतं. त्यांना सांगायचं काम माझ्यावर आलं आणि तिथंच घोटाळा झाला. गावात माझी ओळख दूध संस्थेचा चेअरमन म्हणून कमी आणि थापाड्या म्हणून जास्त. आमच्या विहिरीत सोमवारी सोडलेली बादली आठवडी बाजारालाच वर येते, हे मी तालुक्याच्या सभेत शपथेवर सांगितलेलं आहे. तर मी म्हणालो, बाई गेल्या. आमचे जुने सभासद दत्तोबा किटलीचं झाकण लावत म्हणाले, "बदलीवर का? मंग परवा येत्याल परत. तिथल्या सायबालाच पाणी वाहायला लावत्याल." सगळे हसले. मी म्हणालो, दत्तोबा, खरंच गेल्या. "चेरमन, लई झालं. सकाळच्या पारी माणसाच्या जिवावर थापा न्हाई मारायच्या." मग डबा उचलला आणि शाळेच्या वाटेला लागलो. दहा पावलं गेलो असेन, मागचं हसू एकदम थांबलं. वळून बघितलं तर दत्तोबांनी टोपी काढून हातात घेतली होती. माझ्या शब्दानं जे पटलं नाही, ते माझ्या हातातल्या पाण्यानं का पटलं, हे समजायला बाईंचा नियम माहीत पाहिजे.

बाई आमच्या शाळेवर आल्या तेव्हा आवारात सावली म्हणून एकच, झेंड्याच्या खांबाची. अख्खी शाळा त्या सावलीत एका ओळीत बसायची. सावली सरकली की पहिली ते चौथी सगळे ढुंगणावर सरकायचे, आणि खांब जिथं दाखवेल त्या विषयाचा तास सुरू व्हायचा. यातलं थोडं मी वाढवलं असेन, पण सावली खरंच तेवढीच होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष, गावाला टँकर. अशात ही बाई संस्थेत आली आणि म्हणाली, दुधाचे कॅन धुतलेलं पाणी मला झाडांना पाहिजे. घेऊन जा म्हटलं. तर म्हणे, सोड्याचं नको, त्याच्या आधीचं, पहिल्या खळबळीचं द्या. पांढुरक्या पाण्याच्या बादल्या शाळेत जाऊ लागल्या. बाईंनी लिंब लावले, करंज लावले, खिचडीच्या ताटल्या राखेनं घासायला लावून ते धुणं भोपळ्याच्या वेलाकडं वळवलं. मी शिरूरच्या बाजारात सांगत सुटलो की, आमच्या शाळेतल्या लिंबाची काडी चावून चहा प्याला तर त्यात दूध घालावं लागत नाही. दोघं-तिघं काडी मागायला आलेसुद्धा. बाईंनी त्यांच्याकडूनही पाणी भरून घेतलं.

प्रत्येक पोराच्या नावाचं एक झाड. पण आमच्या गावात दसरा झाला की ट्रक लागतात, आणि आई-बापांबरोबर निम्मी शाळा साखर कारखान्यांच्या फडात ऊसतोडीला जाते. पहिल्या वर्षी रेखा नावाची पोरगी उन्हाळ्यात परत आली, आल्या आल्या पळत शाळेत गेली, तर तिच्या करंजाची नुसती काडी उरली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढच्या हंगामात ती आईसोबत कोयता घेऊन फडात उतरली. बाई तिच्या घरी किती खेटे घालून आल्या... मला एकदाच म्हणाल्या, "चेरमन, झाड नाही वाळलं. माझ्या शाळेतली तिची जागा वाळली."

त्यानंतर नियम निघाला. शाळेत कुणीही, कशालाही येवो, रिकाम्या हातानं यायचं नाही. येताना तांब्याभर तरी पाणी आणायचं आणि गावाला गेलेल्या पोराच्या झाडाला घालायचं. मतदानाला येणारा पाणी घेऊन येई, लस टोचायला येणारी नर्स पाणी घेऊन येई. तपासणीचे साहेब जीपमधून उतरले तेव्हा बाईंनी त्यांना अदबीनं नमस्कार करून परत हापशावर पाठवलं, आणि हापशाला पाणी यायला दुपार झाली. बाई स्वतः गेवराईहून रोज हा पिवळा डबा आणायच्या. गोदाकाठचं पाणी म्हणून त्याला खिडकीची जागा लागते, असं मी कंडक्टरला पटवलं होतं. उभ्या गावात नियम न पाळणारा मी एकटा. कधी कळशीला वाटेत ऊन लागून वाफ झाली, कधी तहानलेला ढग आडवा आला. बाईंनी माझ्यापुरती तोड काढली: हात रिकामे असतील तर पोरांना गोष्ट सांगायची. मला काय, ते तर हवंच होतं. मी रिकामाच जायचो, पोरं दारातच हात तपासून ओरडायची, चेरमन रिकामे हायेत, आणि वर्ग माझ्याभोवती गोळा व्हायचा. म्हणून त्या सकाळी भरला डबा घेऊन मी शाळेकडं वळलो आणि गावाला कळलं, की आज चेअरमन थाप मारत नाही.

आदल्या दिवशीचं भांडणही याचंच. पोरं यायला थोडेच दिवस राहिलेत, ऊन वाढलंय, टँकर एक दिवसाआड झालाय, एक जरी झाड गेलं तरी एक पोर जाईल, असं बाईंचं म्हणणं. मी म्हणालो, तुमच्या झाडांची मरायची छाती नाही. बाई चिडल्या. "सगळ्यात गंमत नसते हो," म्हणाल्या, आणि गाडीला निघून गेल्या. त्यांचं माझ्याशी ते शेवटचं बोलणं.

मग गावानं पाणी घातलं. दत्तोबांनी म्हशीच्या वाट्यातलं घातलं. मी त्या पिवळ्या डब्यानं रोज घातलं. एकही झाड गेलं नाही. हे मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवू नका, येऊन बघा.

परवा ऊसतोडीवरून ट्रक परत आले. सामान उतरायच्या आधी पोरं उतरली आणि शाळेकडं पळाली. मी झाडांजवळच होतो. जो तो आपापल्या झाडाला हात लावून बघत होता, पानं मोजत होता. मग तिसरीतली मंदा विचारायला आली, "बाई कुठंयत?" मी सांगितलं, बाई गेल्या पोरी, देवाघरी. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, आणि तिच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं. "खोटं. तुमी खोटंच सांगता." मला वाटलं, ही पोरगी बरोबर ठरावी, माझी ही थापच निघावी... मंदानं माझ्या हातातला डबा घेतला, सगळं पाणी आपल्या लिंबाला घातलं, आणि रिकामा डबा माझ्या हातात परत दिला. पोरं माझ्याभोवती बसलीसुद्धा.

"आता तुमी रिकामे," ती म्हणाली. "सांगा. बाई कुठं गेल्यात?"

पोरं वाट बघत होती. माझ्याजवळ गोष्ट नव्हती. मी खाली बसलो, आणि त्या डब्याचं बूच घट्ट लावत राहिलो.