हिल्डाबाई आमच्यात वाजवतात

किस्से काही कुणी मुद्दाम गोळा करत नाही. अमेरिकेत, बेलव्ह्यूतल्या आम्हा सात-आठ गाणंवेड्या मराठी मंडळींत एक जर्मन पियानोवादक आणून बसवा, ते आपोआप साठत जातात!

हिल्डाबाई माझ्या शेजारी राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. एके काळी जगभर दौरे, कपाटभर रेकॉर्ड्स. मग एकदा भरल्या हॉलमध्ये वाजवता वाजवता त्यांना पुढचं आठवेना. बाई उठून आत गेल्या, त्या परत लोकांसमोर कधी बसल्याच नाहीत. मला याचं फार वाईट वाटायचं, म्हणून मी त्यांना आमच्या रविवारच्या बैठकीला ओढून आणलं.

*

पहिल्याच रविवारी आम्ही ख्यालाची रेकॉर्ड लावली. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "सुरू कधी होणार?"

परांजपे काका म्हणजे आमच्यातले ज्येष्ठ, रिटायर्ड हार्ट सर्जन. ते म्हणाले, "अहो, अर्धं झालं की!"

*

पुढच्या वेळी बाईंनी स्वतःची रेकॉर्ड आणली. काय वाजवलं होतं! आम्ही रंगात आलो आणि त्यांनी झटकन सुई उचलली.

"पुढे एक सूर चुकलाय."

"मग तेवढा तरी ऐकवा!" काका म्हणाले. बाईंनी काही ऐकवला नाही.

*

माझ्या बायकोने, मेघनाने, विचारलं, "हे दर वेळी सेम टू सेम वाजवायचं?"

"अर्थात! जसं लिहिलंय तसंच."

"ऑपरेशनमध्ये ठीक आहे हो," काका कळवळून म्हणाले, "पण गाण्यात?"

*

वर्षभर मनधरणी केल्यावर बाई आमच्याकडे, माझ्या लेकीच्या पियानोवर वाजवायला तयार झाल्या. सुरुवात झकास झाली. मग एका ओळीपाशी हात अडला. त्या मागे गेल्या, तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा तिथेच अडल्या. त्यांना पुढचं आठवत नव्हतं. आता या उठणार!

तिसऱ्यांदा तीच ओळ आली तसे काका मोठ्यांदा म्हणाले, "वा!"

चौथ्यांदा, "क्या बात है!" सगळ्यांच्या माना डोलायला लागल्या.

बाईंनी चमकून आमच्याकडे पाहिलं. पाचव्यांदा ती ओळ त्यांनी अगदी सावकाश घेतली आणि हात आपसूक पुढे गेला. थेट शेवटपर्यंत!

टाळ्या थांबेनात. काका उठून त्यांच्याजवळ गेले. "ती जागा पाच वेळा घेतलीत, आणि दर वेळी निराळी! मजा आली."

बाईंचे डोळे भरून आले होते. ते पुसत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, लायब्ररीवाले मला कधीचे कॉन्सर्टला बोलावतायत. मी हो म्हटलं, तर तुम्ही पहिल्या रांगेत बसाल?"

"बसतो की! पण एक अट आहे. ती जागा परत घ्यायची!"