परतीचा डबा

पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरांत हौसाने उभा जन्म काढला, पण तिला लाचार झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा पोटभर रडली आणि पुन्हा मिठाची टोपली डोक्यावर घेतली. शेजारणीने वाटीभर पीठ दिलं, तर परत जाताना त्या वाटीत चार शेंगा तरी असायच्याच. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत आपल्याकडे घरोघरी आहे. हौसाच्या खोपटात तेवढी एकच गोष्ट श्रीमंतीने चालायची.

उतारवयात तिच्या पदरात नात पडली, जनी. लेक वेणू बाळंतपणात गेली आणि जावयाने दुसरा घरोबा केला. जनी दोन वर्षांची झाली तरी उभी राहीना. पाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. हौसा कामावर जाताना तिला मिठागराच्या बांधावर बसवी आणि संध्याकाळी ती बसवली तिथेच सापडे. लोकांच्या आया पोरांमागे धावून दमतात. ही बाई पोरीच्या शहाणपणानेच धास्तावली होती.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. दवाखान्यात अशक्त मुलांना फुकट दूध मिळू लागलं. परदेशातून पूड यायची, ती कंपौंडर दिनानाथ मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात कालवायचा. बायकांच्या गाडग्या-लोट्यांत दूध नासायचं, म्हणून दवाखान्यानेच झाकणाचे पत्र्याचे डबे दिले. आज भरलेला डबा न्यायचा, उद्या धुऊन परत आणायचा.

पहिल्या दिवशी हौसा दारातच घुटमळली. फुकट घेणं तिच्या जिवावर आलं होतं, पण जनीच्या पायांपुढे मान ताठ ठेवून कसं भागणार? तिने दूध नेलं. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, तो मूठभर सुकट घेऊन.

दिनानाथ पक्का शाकाहारी. नाकाला रुमाल लावून त्याने विचारलं, "हे काय, आजी?"

"सुकट हाय."

"मला चालत नाही हो."

"तुमच्यासाठी नाय ती, दादा. डब्यासाठी हाय. रिकामा भांडा आमी परत नाय धाडत."

सुकट त्याने झाडूवाल्या बाईला देऊन टाकली. पण हौसाचं पाहून बाकीच्या बायकांनाही धीर आला. फुकटचं नेताना त्यांनाही चोरट्यासारखं होत होतं. ते आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कुणी अंबाडीचा पाला आणला, कुणी वालाच्या शेंगा, कुणी अंडी. दिनानाथच्या टेबलावर बाजार भरू लागला. खाली मान घालून येणाऱ्या बायका आता गप्पा मारत दूध नेऊ लागल्या. दूध वाटणाऱ्यांनी पुडीचा हिशेब चोख ठेवला होता, पण घेणाऱ्याला मान असते हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

जनी भिंत धरून उभी राहायला लागली, आणि त्याच सुमारास अलिबागहून तपासणीला एक साहेब आले. त्यांनी टेबल पाहिलं, अंडी पाहिली आणि ठरवून टाकलं की हा कंपौंडर गरिबांकडून दुधाचा मोबदला उकळतो. दूध बंद झालं आणि दिनानाथला घरी बसवलं.

बायका हौसावर उखडल्या. "तुजी रीत तुज्या घरात ठेवायची व्हती," शेजारची भामा म्हणाली. तिचंही पोर आजारीच होतं. बघता बघता जनीने भिंत धरणं सोडलं आणि ती पुन्हा बसून राहायला लागली. आपणच पोरीच्या तोंडचं दूध काढलं, हे हौसाला आतून खात होतं.

साहेब पुन्हा आले, तेव्हा ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दादानी काय मागला नाय. मीच आनला. रिकामा डबा देववत नाय आमाला. गुना माजा हाय."

साहेब काही परमुलखातले नव्हते. शेजारणीची वाटी परत करताना त्यांची आईही तीत साखरेची चिमूट टाकायची. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला आई आठवून चालत नाही. ते म्हणाले, "आजी, हे दूध सरकारचं आहे. सरकारला परतफेड नको असते. यापुढे एकाही डब्यात काही दिसलं, तर दूध कायमचं बंद."

"नाय दिसनार," हौसा म्हणाली.

दिनानाथ कामावर आला. दूध सुरू झालं आणि डबे रिकामे येऊ लागले. हौसा डबा पदराखाली झाकून आणायची, टेबलाच्या कडेला ठेवायची आणि नजर न मिळवता बाजूला उभी राहायची. बायकांच्या गप्पाही आटल्या. नियम अगदी काटेकोर पाळला जात होता आणि दवाखान्यात सुतक असल्यासारखं वाटत होतं. स्वतः दिनानाथलाही करमेना. एकदा तर त्याने सुकटीची आठवण काढली.

असा पावसाळा सरला. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी हौसा आली, तेव्हा तिचे हात मोकळेच होते.

"डबा विसरलात, आजी?" दिनानाथने विचारलं.

"येतो हाय मागना," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

उंबऱ्याबाहेर जनी उभी होती. डबा तिने दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. तिने उंबरा ओलांडला, मध्येच डगमगली. भामाचा हात पुढे झाला, तो हौसाने अडवला. पडत-सावरत जनी टेबलापर्यंत चालत आली आणि तिने डबा वर धरला. दिनानाथने तो घेतला आणि सवयीने झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं.

"नेमापरमानं रिकामा हाय," हौसा म्हणाली. खूप दिवसांनी ती त्याच्या डोळ्यांत बघत होती. "पन मी रिकामा धाडला नाय, दादा."

दिनानाथने पातेल्यात पळी बुडवली. त्या दिवशी डबा भरताना त्याच्या हातून बरंच दूध टेबलावर सांडलं.