हुंगलेले हात

साहेबांनी माझे हात हुंगले. सगळ्यांसमोर. कुत्रं भाकरी हुंगतं तसं म्हणले असते, पण कुत्र्याला भूक तरी असती.

"ग्लोव्हज काढ," म्हणाले. मी काढले. "हात पुढं कर." केले. माझी बोटं नाकाशी धरली, तोंड वाकडं केलं आणि पाहुण्यांकडं वळून म्हणाले, "तंबाखू. तरी मी सांगत होतो, बिडीवाल्यांच्या घरातली माणसं घेऊ नका."

हे झालं आमच्या सोलापुरात, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात. तितं आमी व्ह्यूपोर्ट बनवायचो. म्हणजे गोल जाड काच, भोवती स्टीलची कडी. शास्त्रज्ञ लोक एका मोठ्या भांड्यातली सगळी हवा काढून टाकतात आणि आत प्रयोग करतात. त्या भांड्याला आत बघायची जी खिडकी असते, ती आमची. त्या काचेला उघडं बोट लागलं तरी चालत न्हाय. म्हणून टोपी, मास्क, ग्लोव्हज. माझं काम शेवटचं. काच अल्कोहोलनं पुसायची, दिव्याखाली तिरकी धरून बघायची, फॉइलमध्ये गुंडाळायची. लई आवडायचं मला ते.

घरी आई बिड्या वळते. तिची आई पण वळायची. आमच्या गल्लीत बाईमाणूस दिसलं की मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. सूप ठेवून बसनं कामाला जाणारी मी पहिली. आई नवी पेठेत भाजी घेतानासुद्धा सांगायची, "माझी पोरगी शास्त्रज्ञांच्या खिडक्या करती." भाजीवालीला काय त्याचं? पण सांगायची.

तर एका प्रयोगशाळेतनं माल परत आला. भांडं तापवल्यावर काचेला आतनं धुकं धरलं होतं. बघायला दोन पाहुणे आले, एक सर आणि एक मॅडम. पुसायच्या कामाला आमी चौघी. चौघींना रांगेत उभं केलं. ग्लोव्हज फक्त मला काढायला लावले.

मॅडम काय बोलल्या? काय न्हाय. फरशीकडं बघत राहिल्या. शिकलेली बाई. बाईच की! मला वाटलं होतं, ही तरी बोलंल.

धुकं कशानं आलं, मला आजपण ठाऊक न्हाय. कुणी शोधलंच न्हाय. माझ्या हातनं आलं असंल, काच कडीत बसवायच्या भट्टीतनं आलं असंल. चूक होती माणसाकडनं. "नीट धू, दोन दोन ग्लोव्हज घाल," म्हणले असते तर मुकाट घातले असते. पण त्यांना माझ्या आईचा धंदा सापडला आणि शोध तितंच थांबला.

दुसऱ्या दिवशी नियम निघाला. रोज सकाळी आत जायच्या आधी, दारात, माझे हात हुंगायचे. एकटीचे. आणि हुंगणार कोण? शबाना. माझ्याच टेबलावरची, माझ्याच डब्यातलं खाणारी. तिचा नवरा रिक्षा चालवतो, घरात खाणारी तोंडं लई. ती कशी न्हाय म्हणणार? नाक जवळ आणायची, श्वास घ्यायचीच न्हाय, आणि म्हणायची, "वास न्हाय सर." आत गेल्यावर हळूच, "माफ कर गं." मी म्हणायचे, "जाऊ दे."

जाऊ दे! आईनं जन्मभर हेच म्हणलं. आता मी पण तेच म्हणत होते.

घरी आले की हात घासायचे. लिंबानं, राखेनं, पार कातडं निघेपर्यंत. आईनं विचारलं तवा सांगून टाकलं. तिनं सूप उचललं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. सोलापूरचं ऊन, आणि ही ओट्यावर.

सकाळी तिनं डबा दिला. हात लांब करून. पदरात धरून, तापलेलं भांडं धरतात तसा. डबा काय एवढा गरम न्हवता.

"वास लागंल," म्हणाली.

आई गं. साहेबांनी हुंगले तवा मी रडले न्हवते. आता रडले. ज्या हातानं मला भरवलं, बिड्या वळून ज्याची बोटं वाकडी झाली, तो हात ती स्वतःच्या पोरीपासनं लपवत होती. मी रोज तितं हात पुढं करत होते, म्हणून ते हितं घरापर्यंत आलं.

त्या दिवशी दारात शबाना आली. मागं साहेब. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"हात," साहेब म्हणाले.

"देणार न्हाय. धुवा म्हणा, धुते. ग्लोव्हज चार घाला म्हणा, घालते. हुंगायचेच असतील तर सगळ्यांचे हुंगा. तुमच्यापासनं सुरू करा."

साहेब हसले. खरंच हसले. "जा, घरी जाऊन बिड्या वळ," म्हणाले.

आमच्या चौघींतल्या बाकीच्या दोघी मागंच होत्या, त्या माना खाली घालून आत गेल्या. शबानाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तीपण आत गेली. मी तिला दोष देत न्हाय. दाराच्या काचेतनं माझी जागा दिसत होती. दिवा चालूच होता.

आता मी बिड्या वळते, आईशेजारी बसून. अजून एमआयडीसीत काम मागायला जाते. दारातच सांगते, "माझी आई बिड्या वळते, मी पण वळते. हात धुवून आलेय. हुंगू देणार न्हाय." "कळवतो" म्हणतात. कुणी कळवत न्हाय. कळवतील असं वाटतपण न्हाय. ते काम गेलं ते गेलंच.

पण आई अजून मला चहाचा कप पदरात धरून देते. काम सुटलं, तिची सवय सुटत न्हाय. मी कप घेत न्हाय.

"पदर सोड. मोकळ्या हातानं दे."

"घे की आता, गार होतोय."

"होऊ दे."

कधी देते. कधी तशीच उठून जाते आणि चहावर साय धरते. धरू दे. माझा हात हुंगायला कुणापुढं जाणार न्हाय, आणि पदरातनं दिलेला चहा मी पिणार न्हाय.