फाळणीचं पुस्तक आणि आमचा रविवार

मित्रांनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहिते आहे.

मुलचेऱ्यात आम्ही काहीजण रविवारी इतिहासाची पुस्तकं वाचतो. या वेळी फाळणीवरचं पुस्तक मीच सुचवलं. शेजारची बंगाली गावं इथे का वसली, ते सगळ्यांना कळावं म्हणून.

आमच्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच शामरावभाऊंनी ते मन लावून वाचलं. निर्वासितांना जमिनी दिल्याचं पान दुमडून आणलं आणि बंगाली गावातून वाचायला येणाऱ्या बिमलदांना म्हणाले, "पाह्य गा बिमल, पुस्तकातच लिवलं हाये. आमचं जंगल तोडून तुमाले देल्लं."

"भाऊ, माझा जन्म इथलाच."

"जन्माचं नाई, जमिनीचं बोलून राह्यलो."

मी निर्वासितांची घरं जळाल्याचं प्रकरण उघडलं.

"वाचलं ना बाई. लय वाईट झालं. पण त्याच्यापायी आमचं जंगल काऊन गेलं?"

त्यांचंही खोटं नव्हतं. बिमलदा चहा तसाच ठेवून उठले. "आता रविवारी माझी वाट नका पाहू," एवढंच म्हणाले.

इतिहास वाचून नजर मोठी होते, असं मी सांगत आले. आज वाटतं, प्रत्येकजण त्यात आपलंच दुःख शोधतो आणि सापडलं की पुस्तक मिटतो. वाचून शेजाऱ्याशी बरं वागू लागलेलं कुणी तुम्ही पाहिलंय का? मला एकही आठवत नाही.